यंत्राची दोरी

खोटं बोलत असेन तर जीभ झडो, पण आमचं गवत कापायचं जुनं यंत्र सकाळपासून सुरू होईना. रांगती नात येणार आणि अंगणात गुडघाभर गवत. प्लग पुसला, पेट्रोल बदललं, दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली.

“आतून कुणीतरी उलटं ओढतंय.”

“अहो, स्प्रिंग असते ती,” बायको म्हणाली. “यंत्रापेक्षा तुम्हीच जुने झालात.”

चिडून मी झाकण उघडलं, स्प्रिंग काढून तिच्या हातावर ठेवली आणि पुन्हा दोरी ओढली. आतून कुणीतरी ती तितक्याच जोरानं खेचून घेतली.

बायकोनं हातातली स्प्रिंग उलटसुलट करून पाहिली.

तेवढ्यात लेक आली. तिनं नातीला पायरीवर ठेवलं. नातीनं हसून हात पुढे केला, आणि दोरीची मूठ गवतातून, कुणी न ओढता, हळूहळू तिच्याकडे निघाली.