चार नावं

“साहेब, मोर्चावर गोळीबार झाला, त्यात आमच्या गावची चार माणसं गेली. संध्याकाळी अख्खं गाव रेडिओभोवती बसलं होतं, बातम्यांत नावं येतील म्हणून. तुम्ही मंत्र्यांचं भाषण ऐकवलंत.”

केंद्र संचालक ठोसरांनी ते पोस्टकार्ड तीनदा वाचलं. वरून फोन आल्यावर नावांच्या ओळीवर लाल पेन फिरवला होता तो त्यांनीच. पुढे पक्षपाताची ओरड झाली, तेव्हा लेखी खुलासा मात्र मागितला गेला तो बातम्या वाचणाऱ्या शैलाताईंकडे. आणि ठोसर मूग गिळून बसले.

आज त्यांनी राजीनामा लिहिला. चूक माझी, शैलाताईंची नव्हे, असं स्वच्छ लिहिलं. फोन कुणाचा होता तेही लिहिलं, आणि खाली ती चारही नावं.

“हे आजच्या बातम्यांत जाऊ दे,” त्यांनी उपसंचालकांना सांगितलं.

“बघतो, साहेब.”

संध्याकाळी घरी त्यांनी रेडिओ लावला. शैलाताईच वाचत होत्या.

“केंद्र संचालक ठोसर यांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला आहे.”

शैलाताई क्षणभर थांबल्या. ठोसर खुर्चीत पुढे सरकले. मग कागद उलटल्याची सळसळ झाली आणि हवामान सुरू झालं.

“अहो,” स्वयंपाकघरातून बायको धावत आली, “तुमच्या तब्येतीला काय झालंय?”

ठोसर अजून रेडिओला कान लावून बसले होते, बातम्यांत नावं येतील म्हणून.