खिडकीजवळची खोली

जर्मनीहून आलेल्या त्या पत्राला सुप्रियानं उत्तर दिलंच नव्हतं. सरकारी देवाणघेवाण शिष्यवृत्तीवर ती वर्षभर तिकडं शिकायला जाणार होती. ज्यांच्या घरी राहायचं त्या बाईंनी लिहिलं होतं, "खिडकीजवळची खोली लावून ठेवलीय. कधी येतेस?"

"जर्मनी कुठं पळून चाललीय व्हय?" माळेगावात दत्तोबा लेकीला म्हणाले. "तुझ्या भावाला पस्तिशीतबी कुणी पोरगी देईना. इंदापूरचे पाव्हणे साटंलोटं करायला तयार हायेत. त्यांची पोरगी आपल्याला, तू त्यांच्या पोराला."

दोन्ही लग्नं एकाच मांडवात लागली. पाठवणीला दत्तोबा हळूच म्हणाले, "त्या बाईंना तेवढं कळव. घरात इंग्रजी तुलाच येतंय."


इंदापुरातून सुप्रियानं उत्तर पोस्टात टाकलं: "खोली दुसऱ्या कुणाला तरी द्या. माझ्या बदल्यात आमच्या घरी मुलगी आलीसुद्धा."