चौथा वार

तलवार शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बोर्शने अकोशला लहानपणापासून एकच बजावलं होतं, मूठ ढिली पडता कामा नये. हंगेरीचा नवा राजा टेकडीवर घोडा नेऊन चारी दिशांना वार करतो, शत्रू कुठूनही येवो, देश राखीन म्हणून. तिथे तलवार सुटली की राज्य गेलं.

आज राजा झालेल्या अकोशचे तीन वार झोकात झाले. चौथा पूर्वेकडे. पातं रक्ताने ओलं होऊन परत आलं.

"गंजाचं पाणी असेल," बोर्श म्हणाला. सकाळी त्यानेच ते लख्ख घासलं होतं. "लोक बघताहेत महाराज, पुन्हा मारा."

या वेळी तलवार रिकाम्या हवेत अडकली. मग पलीकडून कुणीतरी ती हळूहळू ओढायला लागलं.

"सोडा," बोर्श पुटपुटला.

"सुटत नाहीये, काका."

अकोशचा हात कोपरापर्यंत दिसेनासा झाला होता.