माणगावची शिकवणी

“वहिनी, ही गाडी लांब जातच नाही,” बॉनेटखालून डोकं बाहेर काढत धर्माजी म्हणाला.

“दर मंगळवारी माणगावला जाते की,” अनुया म्हणाली. “मास्तरांची शिकवणी असते तिथे.”

धर्माजीने फडक्याला हात पुसले. डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर पार चोंदला होता. म्हणून तो पिवळा दिवा, म्हणून बाजारातून येताना चढावर गाडीला लागलेली धाप.

“माणगावला जाणाऱ्या गाडीची काजळी रस्त्यातच जळून जाते. ही एका जागी उभी राहून तासन्‌तास चालू असते. बॅटरी तर मीच नवी टाकली गेल्या पावसात. तरी मास्तर इंजिन का बंद करत नाहीत?” त्याने मीटर दाखवला. “आणि दिवाळीपासून सहाशे किलोमीटर. माणगावच्या सात फेऱ्याही होत नाहीत यात.”

बोलता बोलता त्याने डिकी उघडली. आत एक जाड ब्लँकेट होतं. वाळूने माखलेला, दमट टॉवेल. हवा भरलेली ट्रकची काळी ट्यूब.

तिच्या नवऱ्याला, देवव्रतला, पोहता येत नव्हतं. लग्नाच्या चोवीस वर्षांत तो गुडघ्यापलीकडे समुद्रात गेला नव्हता.

धर्माजीने डिकी लावली. “मास्तरांना सांगा, एकदा चाळीस मिनिटं न थांबता एका वेगात पळवा. मोकळी होईल.”

अनुया गाडी हळूहळू चालवत घरी आली. दुसऱ्या गियरच्या वर जायचा तिला धीर झाला नाही.

ओंकार बुडाला तो मंगळवार होता. तेव्हापासून दर मंगळवारी, तीनच्या सुमाराला ती खाडीच्या तोंडाशी असलेल्या खडकावर जाऊन बसायची. लेक पोहायला तिथूनच उतरायचा. मला एकटीला जाऊ दे, असं तिनेच देवव्रतला सांगितलं होतं. पाण्याने पाय भिजले की ती उठायची. गेल्या आषाढात एकदा उठायला उशीर झाला, एवढंच. कालवं काढणाऱ्या सगुणाने तिला केसांना धरून ओढलं. घसरले, असं तिने सगळ्यांना सांगितलं. देवव्रत धावत आला, पण गाडी काही केल्या सुरू होईना. शेवटी रिक्षातून दवाखान्यात नेलं.

श्रावणात त्याने मंगळवारची शिकवणी धरली. तिला तेव्हाच ते लागलं होतं. निदान त्या दिवशी तरी त्याने घरात असायला हवं होतं.

जेवताना ती म्हणाली, “शिकवणीला मुलं किती येतात हो?”

“पाच-सहा.”

“गाडीत दिवा लागतोय. उद्या एसटीने जा.”

देवव्रतचा घास हातातच राहिला. “नको,” तो म्हणाला. “उद्या गाडी हवीच.”

मग तो खाली बघून माशाचे काटे बाजूला करत राहिला. तिने आमटी वाढली. कोण असेल ती, एवढंच मनात घुमत होतं. ब्लँकेट कोणासाठी, टॉवेल कोणासाठी, आणि इतका भित्रा माणूस कोणासाठी पाण्यात उतरतो.

मंगळवारी अडीचला तो निघाला. तीनला अनुया खडकापाशी पोचली आणि नेहमीसारख्या चपला काढून वर ठेवल्या. सगुणा टोपली डोक्यावर घेऊन परतत होती.

“तुमी हितं, मास्तर तितं. भांडलाव काय?”

“तिथे म्हणजे कुठे गं?”

“सुरूच्या बनात. दर मंगलवारी गाडी उभी असते. मला वाटलं, तुमाला ठाव हाय.”

सगुणा वाटेला लागली. अनुयाचे कान तापले. इतक्या जवळ, तिच्या डोळ्यांदेखत, आणि तेही याच दिवशी. समोरून गेली असती तर तो सावध झाला असता. म्हणून ती खडकाच्या मागे उतरली आणि केवड्याच्या बेटाआडून, लांबचा वळसा घेत अनवाणीच निघाली. पायात काटे मोडले. तिला ते कळलेही नाहीत. चल गं बाई, चल, बघून घे एकदाचं, असं ती स्वतःलाच सांगत होती.

पाव तासाने इंजिनाची घरघर ऐकू आली. पाठमोरी गाडी सुरूच्या दोन खोडांमध्ये उभी होती. चाकांखाली वाळू खोल दबलेली, मागचं गवत काजळीने काळं पडलेलं. पुढचं दार सताड उघडं होतं. डिकीही.

आत कोणीच नव्हतं. मागच्या सीटवर ब्लँकेट नीट अंथरलेलं होतं, उशाशी टॉवेल. पुढे डॅशबोर्डवर देवव्रतचा चष्मा. ट्यूब दिसत नव्हती.

ती चालकाच्या जागी वाकली. समोरच्या काचेतून दुसरं काही दिसत नव्हतं, दिसत होता तो नेमका तिचा खडक. त्यावर तिच्या चपला.

आणि खडकाभोवती, छातीभर पाण्यात, एका हाताने ट्यूब धरून, देवव्रत तिला शोधत होता.