दोन हातोडे

म्हाताऱ्याला या कामातून एक रविवार कमवायचा होता. दोन्ही मुली, दोन्ही जावई, एकाच वेळी एकाच टेबलाशी. सध्या मुली माहेरी यायच्या त्या पाळीपाळीने, एक गेल्याची खात्री करून दुसरी, आणि म्हातारी तीच भाजी दोनदा करून वैतागली होती. जावयांचं बोलणं बंद होतं. उसनी नेलेली शिडी मोडून परत आली, की नेली तेव्हाच मोडकी होती, यावरून. शिडी कधीच भंगारात गेली. अबोला मात्र धडधाकट होता.

दोघंही सासऱ्याच्याच पत्र्याच्या कारखान्यात कामाला. लाँड्रीत हवेचा डक्ट टाकायचं काम आलं, तेव्हा म्हाताऱ्याने डोकं चालवलं. पत्र्याच्या चपट्या चौकोनी नळीचे तुकडे एकाला एक जोडत न्यायचे. रुंद कडा पट्टीच्या खाचेत सरकवायच्या, अरुंद कडांवर दुसरी पट्टी ठोकत बसवायची. एकाने धरायचं, एकाने ठोकायचं. धरणारा ‘हां’ म्हणाला नाही तर बोटं जातात. यात अबोला कसा टिकतो ते बघूच, असं म्हणून त्याने वर आणखी एक मेख मारून ठेवली. डक्ट आडवा, म्हणजे रुंद बाजू खाली ठेवून न्यायचा, हे सांगितलं फक्त थोरल्याला. मधल्या भिंतीच्या भोकातून किती उंचीवर काढायचा, हे फक्त धाकट्याला. “बाकीचं एकमेकांना विचारा,” म्हणाला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला.

आत ठाकठूक सुरू झाली. दोन हातोडे, एक थांबला की दुसरा, जणू गप्पा रंगल्या होत्या. म्हातारा चहाचे घोट घेत खुशीत मान हलवत राहिला.

थोड्या वेळाने लाँड्रीवाली बाई दारात आली. “जरा आत येता का? मला यातलं काही कळत नाही, पण हवा निघते झोपून आणि मधेच उठून उभी राहते, असं असतं का हो?”

धुण्याच्या खोलीतून थोरल्याचा डक्ट आला होता, छताखाली ऐसपैस आडवा. इस्त्रीच्या खोलीतून धाकट्याचा, कपाटासारखा ताठ उभा. पंख्याचं तोंड चौरस, पलीकडच्या जाळीचंही चौरस. चौरस तोंड बिचारं आडवं-उभं काहीही पत्करतं. भिंतीच्या भोकात दोघांची गाठ पडली होती आणि एकाचं तोंड दुसऱ्याला लागत नव्हतं.

म्हाताऱ्याच्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. एकाने धरलं असतं, तर हातोडा एकच वाजला असता. उभा जन्म पत्रा ठोकण्यात गेला आणि दोन हातोडे ऐकून हा गडी चहा पीत बसला! थोरल्याने पलीकडचं टोक मचाणावर टेकवून आणि धाकट्याने दोरीला टांगून, एकेकट्याने सगळं जोडत आणलं होतं. बोलण्यापेक्षा त्यांना हे सोपं वाटलं होतं.

“अरे, विचारायचं ना एकमेकांना!” जावयांना तो कधी अरेतुरे करत नसे. “तोंडं शिवलीत का तुमची?”

“मला जेवढं सांगितलं तेवढं मी केलं, बाबा,” थोरला म्हणाला. “पुढचं यांना विचारा.”

“आडवं की उभं, मला कुणी सांगितलंच नाही,” धाकटा भिंतीला म्हणाला. “भिंतीवरच्या इस्त्रीच्या कपड्यांच्या फळीला अडत होता, म्हणून उभा घेतला. पण उंची अचूक आहे माझी. काहींची बोटभर खाली आलीय.”

“उंची? उंची कुणी सांगितली मला?”

धाकटा वळला. “तुम्हाला उंची नाही सांगितली?”

“तुम्हाला आडवा नाही सांगितला?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून म्हाताऱ्याकडे पाहिलं.

“बाबा,” थोरल्याने आवाज एकदम मऊ केला, पेशंटशी बोलावं तसा, “एकाला एक सांगितलंत आणि दुसऱ्याला दुसरंच?”

मुद्दाम, गाढवांनो, मुद्दाम! म्हाताऱ्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण मुद्दाम म्हटलं की दोघं भडकून आपापल्या खोलीत जाणार, आणि रविवार बुडाला.

“विसरलो असेन,” तो म्हणाला.

“असेन काय, विसरलातच,” बाई म्हणाली. “चालायचंच हो, वय झालं की.”

उभा डक्ट उतरवायला थोरला आपणहून पुढे झाला. “फळीचं बघू, चार बोटं खाली घेऊ,” म्हणाला. धाकट्याने शिडी आणली, ती म्हाताऱ्याला धरायला दिली आणि वर चढला. थोरला समोरच्या मचाणावर.

“धरलंत?”

“हां. बोटं सांभाळा.”

ठोकता ठोकता धाकटा म्हणाला, “परवा गिऱ्हाइकाचं नावही आठवत नव्हतं त्यांना.”

“मीही बघतोय कधीपासून. बोलायचं कुणाशी?”

“हळू. खाली ऐकतील.”

“ऐकू द्या. संध्याकाळपर्यंत विसरतील.”

दोघं हसले. खळखळून, जिवलग मित्र हसतात तसे.

“रविवारी बाबांकडे या ना तुम्हीही,” थोरला म्हणाला. “सगळे मिळून बसू. कारखान्याच्या किल्ल्या आता त्यांच्याकडे ठेवणं बरं नाही.”

“येतो की. हिला सांगतो आजच.”

रविवार पदरात पडला होता. वर हातोडा एकच वाजत होता. खाली म्हातारा एका हाताने शिडी धरून उभा होता, आणि दुसऱ्या हाताने त्याने खिशातल्या किल्ल्या मुठीत दाबून धरल्या होत्या, वाजू नयेत म्हणून.