बघणारं कोण?

आईला कायमचं आपल्याकडे न्यायला आलेला मुलगा सकाळपासून नुसता तिच्या मागे फिरत होता. नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या आईने टोमॅटोची रोपं लावली, पोस्टातलं काम उरकलं, शेजारच्या आजोबांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले. शेवटी त्याने तिला हाताला धरून पायरीवर बसवलं.

"सगळ्यांचं करतेस, आई. पण उद्या तूच पडलीस, तर तुझ्याकडे बघणारं इथे कोण आहे?"

ती उत्तर देणार, तोच काठी टेकत आजोबा फाटकाशी आले.

"सिस्टर, बऱ्या आहात ना? पाच वाजून गेले, आज झाडांना पाणी घातल्याचा आवाज नाही आला!"

आई मुलाकडे वळून हसली. "बघ, मी पडायचीही वाट बघितली नाही त्यांनी."