गाडीची खोड

राजूर घाटाच्या पायथ्याशी दोन मोटारी उभ्या होत्या आणि मोताळ्याचे उकंडराव बैलबाजारात फिरावं तसे त्यांच्याभोवती फिरत होते. चाकाला लाथ मारून झाली, खाली वाकून पोट पाहून झालं. धाकट्या लेकीला, गोजरला, आठवा महिना लागला होता. दवाखाना घाटावर, बुलढाण्याला. वेळ आली की पोरीला वर नेईल अशी गाडी आज ठरवायचीच होती.

खामगावचा दलाल वामनराव कागद वाचून दाखवत होता. "शेवरलेटले सहा सिलिंडर, फोर्डले चार. हिचे शेचाळीस घोडे, तिचे वीस. हे ताशी साठ मैल जाते मालक, ते चाळीस."

"घोडे कोणं मोजले?"

"कंपनीनं."

"म्हंजे इकणाऱ्यानंच," उकंडराव म्हणाले.

मग दोन्ही गाड्या पहिल्या वळणापर्यंत नेऊन पाहिल्या. शेवरलेट सरळ चढली. दुसरी गाडी त्यांच्या ओळखीच्या पंजाबरावांची जुनी फोर्ड. ती विकायला त्यांनी आपला डायवर शालिग्राम पाठवला होता. त्याने गाडीचं तोंड फिरवलं आणि ती मागच्या अंगाने चढवली. वामनराव पोट धरून हसला. उकंडरावांना मात्र हसू येईना. उलटी चढणारी गाडी त्यांनी बापजन्मात पाहिली नव्हती. यात काहीतरी गोम होती.

"काऊन बे, उलटी काऊन नेली?"

"टाकी शिटाखाली हाय, मालक," शालिग्राम म्हणाला. "पेट्रोल कमी अन् चढ उभा असला, त इंजिनात पोचत नाही. उलटी नेली का पोचते. खोड हाय तिची."

उकंडराव वामनरावाकडे वळले. "अन् हिची खोड?"

"हिच्यात खोडच नाही."

झालं! चाळीस वर्षं बैलं पारखणाऱ्या माणसाला हे कुठून पटायला? बिनखोडीचा बैल आणि बिनखोडीचा जावई त्यांना अजून भेटायचा होता.

"फोर्ड ठेवतो," ते शालिग्रामला म्हणाले. "पण चालवाले तूच राह्य. पंजाबरावले मी सांगतो."

शालिग्राम लगेच हो म्हणाला नाही. त्याने मालकाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"राह्यतो. पण गाडीची खोड म्या सांगतली. आता तुमची सांगा."

वामनरावाने जीभ चावली. उकंडरावांना राग यायला हवा होता, तो आला नाही. ते घाटाकडे पाहत राहिले.

"मी कोणाच्याच बोलन्यावर इसवास ठेवत नाही," ते म्हणाले. "पोळ्याचा दिवस होता. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. थोरली म्हने, बाबा, कळा येऊन राह्यल्या. मले वाटलं, खोट्या असतीन. बैल दुसऱ्या दिवशी जुंपले. अर्ध्या घाटातून वापस फिरवले. वर नेऊन उपेग राह्यला नव्हता."